पिस्टन आणि सिलिंडर यांमधील मोकळीक : एका सूक्ष्म अंतराचा इतिहास (१७१२ ते २०१४)

सारांश

इंजिनातील पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये ठेवावयाची मोकळीक ही वरवर पाहता केवळ एक तांत्रिक संख्या आहे. प्रस्तुत निबंधात या संख्येचा न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनापासून आजच्या शर्यतीच्या इंजिनापर्यंतचा प्रवास मांडला आहे. यंत्रकामाची अचूकता वाढत गेली तसतशी ही मोकळीक कमी होत गेली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. पिस्टनवर सोपविलेले काम, त्याचा धातू आणि त्याचे तापमान बदलले की मोकळीक कधी घटली, कधी जाणीवपूर्वक वाढविली गेली, हे या निबंधातून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : पिस्टन, सिलिंडर, मोकळीक, औष्णिक प्रसरण, ॲल्युमिनियम मिश्रधातू, यंत्रकाम, मापन.

१. प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना इंजिनाची अश्वशक्ती, गती आणि संशोधकांची नावे यांना प्राधान्य मिळते. इंजिनाचे जगणे-मरणे मात्र अनेकदा केसाच्या जाडीइतक्या एका फटीवर अवलंबून असते. पिस्टन, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांतील दट्ट्या, सिलिंडरमध्ये वरखाली सरकतो. दोहोंमधील फट फार लहान असेल तर तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला घट्ट धरतो. तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासला जातो आणि इंजिन जाम होते. फट फार मोठी असेल तर पिस्टन डुलतो, भिंतीवर आपटतो, रिंगांची बैठक बिघडते, वायू खाली गळतो आणि तेल वर चढून जळते. पहिला दोष इंजिनाला काही क्षणांत मारतो, तर दुसरा सावकाश मारतो. या दोन दोषांमधील जागा कशी निवडावी, हा प्रश्न जवळजवळ तीन शतके अभियंत्यांसमोर आहे. त्याची उत्तरे मात्र प्रत्येक काळात वेगळ्या कारणांनी बदलली.

२. पाण्याचा थर आणि वाखाची भरण

थॉमस न्यूकॉमेन याचे वातदाबावर चालणारे इंजिन १७१२ मध्ये इंग्लंडमधील डडली येथील कोळसा खाणीवर उभे राहिले. त्याच्या सिलिंडरचा व्यास २१ इंच होता. एवढी मोठी नळी आतून खरी गोल करण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. सिलिंडर ओतावा, आतून घासून शक्य तितका गुळगुळीत करावा आणि उरलेली विषमता सहन करावी, अशी रीत होती. न्यूकॉमेनने पिस्टनला चामड्याची चकती लावली आणि त्यावर पाण्याचा थर ठेवला. फटीतून हवेऐवजी थोडे पाणी झिरपे आणि तेच पाणी फट बंद करी.

हा उपाय सदोष नव्हता, तर त्या इंजिनाच्या स्वभावाला अनुरूप होता. न्यूकॉमेनच्या इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारून वाफ घनीभूत केली जाई. सिलिंडर थंड होणे हा कार्यपद्धतीचाच भाग असल्याने वरून आलेल्या पाण्याने विशेष हानी होत नसे. फटीचा प्रश्न सुटला नव्हता, परंतु तो अडवतही नव्हता.

जेम्स वॉटच्या स्वतंत्र शीतकाने ही परिस्थिती पालटली. १७६५ मध्ये सुचलेल्या आणि १७६९ मध्ये पेटंट मिळालेल्या या कल्पनेचे सारच सिलिंडर सतत गरम ठेवण्यात होते. आता पाण्याचा थर चालण्यासारखा नव्हता, कारण गळलेले पाणी सिलिंडर थंड करून वाचविलेले इंधन पुन्हा वाया घालविणार होते. इंजिन अधिक चांगले झाले आणि त्याच क्षणी जुनी फट असह्य ठरली. किनील येथील प्रायोगिक इंजिनावर वॉटने निरनिराळ्या पदार्थांची भरण वापरून पाहिली, परंतु सिलिंडरच गोल नसल्याने वाफ गळतच राहिली. उत्तम तत्त्व हाती असूनही इंजिन कित्येक वर्षे व्यवहारात येऊ शकले नाही.

३. विल्किन्सनचे यंत्र आणि गोलाईचा लाभ

या अडचणीवरील उपाय तोफांच्या कारखान्यातून आला. लोखंडाचा कारखानदार जॉन विल्किन्सन याने १७७४ मध्ये तोफा भरीव ओतून नंतर कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर लगेचच, १७७५ च्या सुमारास, त्याने सिलिंडर कोरण्याचे यंत्र उभारले. पूर्वीच्या यंत्रांत कापणारे हत्यार एका लांब दांड्याच्या मोकळ्या टोकावर बसविलेले असे. दांडा स्वतःच्या भाराने वाके आणि हत्यार ओतकामातील वेड्यावाकड्या पृष्ठभागाच्या मागे मागे जाई. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार नेला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. त्यामुळे हत्यार ओतकामाचे अनुकरण न करता स्वतःच्या अक्षाचे अनुकरण करू लागले.

१७७६ मध्ये टिप्टन येथील खाणीवर बसविलेल्या इंजिनाचा सिलिंडर ५० इंच व्यासाचा, म्हणजे सुमारे १२७० मिलिमीटरचा होता. त्यात कोठेही जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने समाधानाने नोंदविले. ही जाडी मिलिमीटरच्या आसपासची होती. आजच्या मानाने ही चूक प्रचंड वाटते. परंतु पिस्टनभोवती चरबी लावलेल्या वाखाच्या दोऱ्यांची भरण असल्यामुळे तेवढी अचूकता पुरेशी होती. वॉटच्या इंजिनाला मोकळीक फार लहान नको होती, ती सर्वत्र सारखी हवी होती. भरण ही ठराविक रुंदीची फट बुजवू शकते, सतत बदलणारी फट बुजवू शकत नाही. यंत्रकामाने या टप्प्यावर दिलेली देणगी गोलाईची आणि सरळपणाची होती. हा फरक पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाचा आहे.

४. रिंगचा शोध आणि कामाची विभागणी

वाखाची भरण झिजे, जळे आणि वारंवार बदलावी लागे. वाफेचा दाब व तापमान वाढू लागताच धातूच्या भरणीची गरज भासली. एडमंड कार्टराइट याने १७९७ च्या पेटंटात धातूच्या भरणीची कल्पना मांडली होती. तिला सोपे आणि टिकाऊ रूप दिले ते रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने, १८५० च्या दशकात. एका जागी कापलेली, स्वतःच्या लवचिकतेने बाहेर दाबणारी धातूची कडी पिस्टनवरील खाचेत बसविण्याची त्याची रचना आजच्या पिस्टन रिंगची थेट पूर्वज आहे.

रिंगमुळे कामाची विभागणी झाली. गळती रोखणे हे रिंगचे काम ठरले. वाफेच्या इंजिनात पिस्टनला सरळ ठेवण्याचे काम क्रॉसहेड नावाच्या स्वतंत्र सरकत्या भागाकडे होते. त्यामुळे खुद्द पिस्टनला सिलिंडरच्या भिंतीवर टेकण्याची फारशी आवश्यकता उरली नाही. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही बिडाचे, तापमानातील फरक अल्प, गती मंद. अशा परिस्थितीत मोकळीक थोडी कमी-अधिक झाली तरी चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न जणू निकालात निघाला होता.

५. अंतर्ज्वलन इंजिन आणि ॲल्युमिनियमचे आगमन

निकोलाउस ऑटोच्या १८७६ च्या चार-टप्पी इंजिनानंतर ज्वलन सिलिंडरच्या आतच होऊ लागले. १८८५ मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी बनविलेले लहान उभे इंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्या घेत असे. अशा हलक्या, वेगवान इंजिनांत क्रॉसहेडला जागा नव्हती. कनेक्टिंग रॉड थेट पिस्टनला जोडला गेला आणि तिरक्या रॉडचा बाजूचा दाब पिस्टनच्या खालच्या भागाने, म्हणजे स्कर्टने, सोसावयाचा ठरला. पिस्टन आता झाकणही झाला आणि वाटाड्याही झाला. झाकणाला फुगण्यासाठी जागा हवी, तर वाटाड्याला भिंतीचा निकट आधार हवा. मोकळीकीचा आधुनिक प्रश्न या विरोधातून जन्माला आला.

बिडाच्या पिस्टनने हा विरोध काही काळ झाकून ठेवला. बिडाचा प्रसरणांक अंश सेल्सियसमागे दशलक्षात सुमारे ११ आहे. उदाहरणादाखल १०० मि.मी. व्यासाचे बिडाचे सिलिंडर घेऊ. २० अंशांवर मोजलेले हे इंजिन चालू झाल्यावर स्कर्ट १४० अंशांपर्यंत आणि सिलिंडरची भिंत १२० अंशांपर्यंत तापली, असे मानू. बिडाचा पिस्टन ०.१३२ मि.मी. फुगेल, सिलिंडर ०.११० मि.मी. फुगेल आणि मोकळीक केवळ ०.०२२ मि.मी. ने घटेल. दोन्ही भाग जवळजवळ एकत्रच वाढत असल्याने फट सुरक्षित राहते.

परंतु बीड जड आहे आणि वेग वाढला की पिस्टनचे वजनच रॉड व बेअरिंग यांना मोडू लागते. १९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटली हे तेव्हा डीएफपी या फ्रेंच मोटारींचे लंडनमधील विक्रेते होते. फ्रान्समधील कारखान्यात त्यांनी कागदावर ठेवावयाचे वजन म्हणून वापरलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिस्टन पाहिला आणि त्यांना कल्पना सुचली. ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन त्यांनी शर्यतीच्या गाडीत वापरले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हे ज्ञान त्यांच्यामार्फत ब्रिटिश विमान-इंजिनांच्या निर्मात्यांपर्यंत पोहोचले. ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या निम्म्याहून कमी आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता कित्येक पट अधिक होती. त्यामुळे पिस्टनचा माथा थंड राहू लागला आणि अधिक दाब व अधिक वेग शक्य झाले.

या लाभाची किंमत मोकळीकीत मोजावी लागली. तांबेयुक्त ॲल्युमिनियमचा प्रसरणांक दशलक्षात सुमारे २३ आहे. वरील उदाहरणातील पिस्टन या धातूचा असेल तर तो ०.२७६ मि.मी. फुगेल आणि मोकळीक ०.१६६ मि.मी. ने घटेल. हा आकडा बिडाच्या पिस्टनच्या सातपटीहून अधिक आहे. म्हणजे १९१३ नंतरच्या काळात यंत्रकाम पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक होऊनही थंड इंजिनातील फट वाढवावी लागली. थंड इंजिन खडखडू लागले आणि तेल पिऊ लागले. अचूकता वाढली म्हणून अंतर घटले, हा समज येथे पूर्णपणे कोलमडतो.

याच युद्धात या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसून आली. पहिल्या ब्रिटिश रणगाड्यांच्या इंजिनांतून निघणारा तेलकट धूर शत्रूला ठावठिकाणा सांगत असे. हॅरी रिकार्डो यांनी रणगाड्यासाठी रचलेल्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनात पिस्टनखाली पुन्हा क्रॉसहेडसारखा स्वतंत्र मार्गदर्शक भाग आणला आणि तेल वर चढणे आटोक्यात ठेवले. झाकण आणि वाटाड्या यांची कामे पुन्हा वेगळी करण्याचा हा मार्ग होता. जड रणगाड्याला तो परवडला, परंतु हलक्या मोटारीला परवडणारा नव्हता.

६. आकार, रचना आणि धातू : तीन उपाय

दोन महायुद्धांमधील काळात अभियंत्यांनी या प्रश्नावर तीन दिशांनी उत्तरे शोधली.

पहिला उपाय आकाराचा होता. पिस्टनचा माथा २५० ते ३०० अंशांपर्यंत तापतो, स्कर्ट मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. म्हणून माथ्याचा व्यास स्कर्टपेक्षा लहान ठेवण्यात आला. गजन पिनच्या दोन्ही टोकांशी धातू अधिक असल्याने त्या दिशेने फुगवटाही अधिक होतो. यास्तव पिनच्या दिशेने व्यास कमी आणि तिच्या काटकोनात अधिक, असा लंबवर्तुळाकार पिस्टन घासला जाऊ लागला. काही रचनांत स्कर्टला उभी चीर देऊन फुगलेला धातू त्या चिरेत सामावून घेतला गेला. विल्किन्सनने सिलिंडर गोल केला होता. आता त्यात नीट बसावा म्हणून पिस्टन मुद्दाम अगोल करण्यात आला. थंड असताना वेडावाकडा असणारा हा पिस्टन तापल्यावर योग्य आकार धारण करतो.

दुसरा उपाय रचनेचा होता. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधलेली इन्व्हार ही लोखंड व निकेलची मिश्रधातू सामान्य तापमानांत जवळजवळ प्रसरण पावत नाही. या संशोधनासाठी त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. इन्व्हारच्या अथवा पोलादाच्या पट्ट्या ॲल्युमिनियम पिस्टनमध्ये ओतून स्कर्टचा फुगवटा रोखण्याचे प्रयोग त्यानंतरच्या काळात यशस्वी झाले.

तिसरा उपाय धातूचा होता आणि तोच सर्वाधिक दूरगामी ठरला. १९२१ मध्ये पेटंट मिळालेल्या अलादार पाच यांच्या प्रक्रियेमुळे ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूची ठिसूळ कणरचना बारीक करता येऊ लागली. सिलिकॉन स्वतः फार कमी प्रसरण पावते. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेल्या मिश्रधातूचा प्रसरणांक दशलक्षात १९ ते २० पर्यंत उतरतो आणि १८ टक्क्यांच्या आसपास तो आणखी खाली येतो. पूर्वीच्याच उदाहरणात १२ टक्के सिलिकॉनच्या पिस्टनने मोकळीक सुमारे ०.१२ मि.मी. ने घटेल. लंबवर्तुळाकार घासाई आणि स्कर्टची लवचिकता यांची जोड मिळाल्यावर प्रत्यक्ष ठेवावयाची मोकळीक याहूनही कमी करता आली. रोजच्या वापरातील मोटारी शांत झाल्या त्या या तीन उपायांच्या एकत्रित परिणामामुळे.

७. शर्यतीचे इंजिन : मोठ्या मोकळीकीची निवड

मात्र सिलिकॉनचा मार्ग सर्वांनी स्वीकारला नाही. टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पहिल्या महायुद्धाच्या काळात वाय मिश्रधातू तयार झाली. तीत सुमारे ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल आणि दीड टक्का मॅग्नेशियम होते. उच्च तापमानालाही बळ टिकविणे हा तिचा गुण होता. तिच्याच परंपरेत पुढे ब्रिटनमध्ये आरआर मालिकेतील मिश्रधातू आल्या. त्यांपैकी आरआर ५८ ही १९६९ मध्ये प्रथम उडालेल्या काँकॉर्ड विमानाच्या सांगाड्यात वापरली गेली. आज शर्यतीच्या पिस्टनसाठी घडाई करून वापरली जाणारी २६१८ ही मिश्रधातू याच कुळातील आहे.

कार्यक्षम इंजिन बांधणाऱ्यापुढे आजही मुख्यतः दोन घडीव धातूंचा पर्याय असतो. ४०३२ या मिश्रधातूत ११ ते १३ टक्के सिलिकॉन असते. ती कमी फुगते, कमी झिजते आणि थंड असतानाही तुलनेने शांत राहते, परंतु अधिक ठिसूळ असते. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसते. ती चिवट असते, स्फोटक ज्वलनाचा आघात झाल्यास फुटण्याऐवजी वाकते, पण अधिक फुगते. सुमारे १०० मि.मी. बोअर असलेल्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात अधिक सिलिकॉनच्या ओतीव पिस्टनसाठी साधारणतः ०.०४ ते ०.०५ मि.मी., ४०३२ साठी ०.०५ ते ०.०८ मि.मी. आणि २६१८ साठी ०.०९ ते ०.१३ मि.मी. मोकळीक ठेवली जाते. सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जर असेल तर ती आणखी वाढविली जाते. व्यासाच्या प्रत्येक इंचामागे एक हजारांश इंच हा जुना ढोबळ नियम याच कक्षेत बसतो. अंतिम अधिकार मात्र पिस्टनच्या निर्मात्याने दिलेल्या मापालाच असतो, कारण आकार आणि लवचिकता त्यालाच ठाऊक असतात.

येथे निवडीचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. शर्यतीच्या इंजिनाला मोठी मोकळीक मिळते ती निष्काळजीपणामुळे नव्हे. त्याचा बांधणारा थंड अवस्थेतील खडखडाट, अधिक तेल आणि कमी आयुष्य जाणूनबुजून पत्करतो आणि त्या बदल्यात पूर्ण भारावर पिस्टन जाम होणार नाही याची हमी घेतो. रोज कार्यालयात ये-जा करणाऱ्या गाडीसाठी हाच व्यवहार तोट्याचा ठरतो. फॉर्म्युला वनची इंजिने सुरू करण्यापूर्वी बाहेरून गरम द्रव फिरवून तापविली जातात. थंड आणि तप्त अवस्थेतील अंतर एकाच मापाने सांभाळणे किती कठीण आहे, याची ती साक्ष आहे.

सिलिंडरचा धातू बदलला तर गणित पुन्हा उलटते. १९७० मध्ये आलेल्या शेव्हरोले व्हेगामध्ये सुमारे १७ टक्के सिलिकॉनचा ॲल्युमिनियम ब्लॉक अस्तराविना वापरला गेला. पोर्शने १९७० च्या दशकात निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा थर दिलेली ॲल्युमिनियम सिलिंडरे वापरली. अशा सिलिंडरात पिस्टन आणि भिंत बरोबरच फुगत असल्याने मोकळीक कमी ठेवता येते. १८५० च्या दशकातील बीड-बीड जोडीचे तत्त्व येथे नव्या धातूत परत आले. २०१४ मध्ये मर्सिडीज-बेंझने प्रवासी मोटारीच्या डिझेल इंजिनात पोलादी पिस्टन आणले. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा पोलाद कमी फुगते, त्यामुळे इंजिन तापल्यावर फट आवळण्याऐवजी सैलावते आणि घर्षण घटते.

८. मापनाचा प्रश्न

मोकळीक निवडणे जितके महत्त्वाचे तितकेच ती खरोखर मिळाली आहे हे तपासणे महत्त्वाचे. लंबवर्तुळाकार पिस्टन कोठेही मोजला तर चुकीचे उत्तर मिळते. गजन पिनच्या काटकोनात, निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवरच तो मोजावा लागतो. सिलिंडर हेडचे बोल्ट आवळले की बोअर शतांश मिलिमीटरच्या प्रमाणात विकृत होतो. म्हणून कार्यक्षम इंजिनाचे होनिंग करताना हेडच्या जागी जाड पोलादी पट्टिका आवळून ताण निर्माण केला जातो.

तापमानाचाही यात वाटा आहे. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस असावे, असा आंतरराष्ट्रीय निर्णय १९३१ मध्ये झाला. विदर्भातील उन्हाळ्यात ४० अंश तापमानाच्या कार्यशाळेत १०० मि.मी. चा २६१८ पिस्टन ०.०४६ मि.मी. ने आणि बिडाचे सिलिंडर ०.०२२ मि.मी. ने वाढलेले असते. तेथे ०.१० मि.मी. मोजली गेलेली मोकळीक प्रमाण तापमानाला सुमारे ०.१२४ मि.मी. भरते. म्हणजे संपूर्ण निवडीच्या पाव भागाइतका फरक केवळ हवामानामुळे पडतो. शेतीपंपाच्या डिझेल इंजिनाला ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठ्या मापाचा पिस्टन घालून बोअर करणारे कुशल कारागीर महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्या कामाची प्रत ठरविण्यात हत्याराइतकाच या ज्ञानाचाही वाटा आहे आणि अभियांत्रिकी व व्यावसायिक अभ्यासक्रमांत त्याला स्थान मिळणे अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मोकळीकीचा इतिहास हा अंतर सतत कमी होत जाण्याचा सरळ रेषेतील इतिहास नाही. विल्किन्सनने अंतर सारखे केले, रॅम्सबॉटमने ते कमी महत्त्वाचे केले, ॲल्युमिनियमने ते वाढविले आणि सिलिकॉनने ते पुन्हा घटविले. दुसरी, प्रत्येक सुधारणेने जुना समतोल मोडला. वॉटच्या शीतकाने पाण्याचा थर निरुपयोगी केला आणि हलक्या पिस्टनने बिडाची शांतता संपविली. तिसरी, योग्य मोकळीक ही कोष्टकातून उचलावयाची संख्या नसून धातू, आकार, तापमान, मापन आणि हेतू यांचा एकत्रित निर्णय आहे. एकाच व्यासाच्या दोन इंजिनांना वेगळी उत्तरे मिळणे ही विसंगती नव्हे. कोणता दोष सोसावयाचा आणि कोणता कदापि होऊ द्यावयाचा नाही, हे ज्याने आधी ठरविले त्यालाच ही निवड साधते.